घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?

...नाही, पण तुम्हीच सांगा! प्रिंटर आमचा, टेबल आमचं, टेबल डुगडुगू नये म्हणून पायाखाली घातलेला पुठ्ठा आमचा, लाइटबिल बाबा भरतात, अन् मी सेटिंग उघडायला गेलो की मशीन मलाच इंग्रजीत सांगतं, तुम्हाला इथे येण्याची परवानगी नाही, कृपया अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. कृपया म्हणे! अरे, कोण हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर? कलेक्टर आहे? तहसीलदार आहे? दारव्ह्यातलं आमचं तीन खोल्यांचं घर, त्यात आई, बाबा आणि मी, चौथा माणूस नाही, मांजर आहे ती पण शेजारच्यांची... मग घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?

तुम्हाला सांगतो, मी पुण्यात समाजकार्य शिकलो. बरोबरचे गेले बंगलोरला, दिल्लीला, एक तर जिनिव्हाला गेला. मी म्हटलं, मी आपल्या जिल्ह्यात परत जाणार. कापसाने इथे काय हालत केली ते तुम्ही पाहूनच राहिलात. रोज कोणीतरी पाहणीला येतो, जीपमधून उतरतो, मान हलवतो, चहा पितो, जातो. मी ठरवलं, आपण मान हलवायची नाही. आपण काहीतरी छापायचं!

काय छापायचं, तर पत्रक. 'लग्नातला मानपान बंद करा.' कापूस पडला तरी बँड तोच, मंडप तोच, व्याह्याचा फेटा तोच, हे थांबलं पाहिजे की नाही? जीपने अर्ध्या तासावर एक गाव आहे, तिथे विमलताई म्हणून बचत गट चालवतात. त्यांच्या लेकीची, कोकिळाची सोयरीक जमत आलेली, मुलाकडच्यांची मानपानाची यादी आलेली, अन् धोंड्याचा महिना संपला की लगेच बैठक. विमलताई मला म्हणाल्या, "भाऊ, आमी साऱ्या बाया नावं देतो, मानपान करणार नाही म्हून. पण तू छापून आन. हातानं लिहेल कागद व्याही हातात बी घेत नाही. अन् अक्षर मोठं ठेवजो, आमच्या अर्ध्या बाया आत्ताच वाचाले शिकल्या. अन् नावं पाह्यजे! एकदा नाव छापून आलं का बाई मांगं फिरत नाही."

मी घरी आलो, टाइप केलं, छापलं. अन् बघतो तर काय... खालची नावं गायब! मशीनमध्ये कागदाची साइज भलतीच धरलेली, पान खालून कापूनच येतं. लढा वरून छापला अन् लढणाऱ्या बाया खालून कापल्या! बरं, नावं वर नेली तर शपथ कापली जाते. अक्षर बारीक केलं तर बायांना वाचता येत नाही. दोन पानं केली तर वरचं पान लोक वाचतात अन् खालच्यात भजी बांधून नेतात. म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊ, साइज बदलू, काय मोठं... अन् तिथे ही पाटी. परवानगी नाही!

फाइल सीडीवर घेऊन रामलालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे आमचा मराठी फॉन्ट नाही. विमलताईंच्या नावाच्या जागी चौकोन, टिकल्या अन् दोन इंग्रजी शिव्या वाटाव्यात अशी अक्षरं. तो म्हणतो, "भाऊ, घरीच साइज बदल ना. दो मिनट का काम आहे." म्हटलं, परवानगी नाही म्हणतं. "तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरले विचार!" कोण आहे तो? "घर तुझं अन् मले काहून विचारून राह्यला?" तिथून लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेलो. त्याने मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला अन् म्हणाला, "माझ्याच मशीनवर माझ्या पोटावर पाय द्यायले आला का रे तू?"

तिथे माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. म्हटलं, हे साधं नाही. मानपान बंद झाला तर कोणाचं नुकसान? छापखान्यावाल्याचं, बँडवाल्याचं, मंडपवाल्याचं, कापडवाल्याचं. अन् आमच्या समोर कोण राहतो? मंडपवाला! शेजारी कोण? कॅटरिंगवाला! मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे विरजण मागायला आला होता अन् कॉम्प्युटरच्या खोलीतून गेला होता. विरजण मागायला त्या खोलीतून जावं लागतं? लागतं, कारण स्वयंपाकघर तिकडेच आहे, पण मला सांगा, पाच मिनिटं?

पासवर्ड लावून पाहिला. आईचं नाव, बाबांचं नाव, घराचं नाव, बाबांच्या स्कूटरचा नंबर... नाही. शेवटी पासवर्डच्या शेजारी असतं त्या प्रश्नचिन्हावर दाबलं, म्हटलं काहीतरी खूण तर देईल. खूण आली. एक शब्द. 'विचारा.' अरे, कोणाला विचारा? अन् तेवढ्यात लाइट गेली. आपल्याकडचं लोडशेडिंग, म्हणजे गेली ती गेलीच अन् मी अंधाऱ्या खोलीत घामाघूम, घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण असं बडबडतोय.

मग माझ्या लक्षात आलं. मी हा शब्द उच्चारला की आई उठून स्वयंपाकघरात जाते अन् बाबा पेपर वर धरतात. लाइट नसतानाही धरतात! बाहेरचे नाहीत तर. आतलेच!

बाबांना धरलं. बाबा पंचायत समितीतून रिटायर झालेले, अवघड प्रश्न वरच्या टेबलाकडे पाठवायची जन्मभराची सवय. म्हणाले, "वरूनच तसं आलं असल."

"वरून म्हणजे कुठून? घराच्या वर गच्ची आहे बाबा!"

"तू कायले खोलात जातो? चाललं आहे ना मशीन?"

"अर्धं पान चालतंय!"

"मंग अर्धं लिही ना बाप्पा."

आईला धरलं. आईने आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दार लोटलं, अन् खालच्या आवाजात सांगितलं... "अरे, तू पुण्याले होता तवा मशीन मधुसूदनरावांनी बसवून देलं नं."

तुम्हाला सांगतो, मधुसूदनराव म्हणजे आमचे जावई. माझ्या सुमेधाताईचे मिस्टर, अमरावतीला असतात, कॉम्प्युटरातलेच आहेत. मशीन त्यांनी निवडलं, बसवलं, पासवर्ड त्यांनी घातला, अन् सासऱ्यांनी काही बिघडवू नये म्हणून साऱ्या घराला परवानगी ठेवली पाहुण्याइतकी. म्हणजे पाहुणा मालक अन् मालक पाहुणे! मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? फोन लावतो अन् विचारतो.

घरात असा आरडाओरडा झाला की विरजणवाला धावत आला.

"जावयाले पासवर्ड मागतो?" आई म्हणाली. "म्हणजे आपण त्यांच्यावर संशय घेऊन राह्यलो असं नाही वाटणार?"

"मीच तर संशय घेतोय! सगळ्यांवर घेतोय!"

बाबा म्हणाले, "त्यांनी आपल्या हातानं लावलं आहे. आता खोला म्हणायचं म्हणजे... शोभते का?"

मी गपचूप ताईला फोन केला. म्हटलं, निदान बहीण तरी. ताई म्हणते, "अनिकेत, धोंड्याचा महिना अर्धा उलटला. तुमच्याकडून अजून बोलावणं नाही. अन् फोन केला तो पासवर्डसाठी?"

संपलं! आता तुम्हीच विचार करा. दर तीन वर्षांनी हा महिना येतो, जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं ताट द्यायचं, कपडे द्यायचे, चांदीचं काहीतरी द्यायचं. नेमकं हेच बंद करा म्हणून माझं पत्रक! अन् ते पत्रक छापायचं तर जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं ताट द्यायचं... मी पुण्यात मोठमोठ्या व्यवस्थांवर निबंध लिहिलेत हो, पण व्यवस्था अशी टेबलावर येऊन बसलेली पहिल्यांदा पाहिली.

तिकडे विमलताईंचा निरोपावर निरोप. "भाऊ, कागद?" मी म्हटलं, अनिकेत, तत्त्व बाजूला ठेव, कोकिळाचा विचार कर. अन् मेच्या उन्हात आईसोबत अनारसे तळायला बसलो. जाळीदार झाला पाहिजे, फुटला नाही पाहिजे. माझा एकही फुटला नाही, याची मला आजही लाज वाटते.

आले मधुसूदनराव, ताईसोबत. पाटावर बसले. बाबांनी पाय धुतले, पाणी मी ओतलं, टॉवेल मी धरला. जेवण झालं. कॉम्प्युटरवरचं फडकं आम्ही मुद्दाम काढून ठेवलेलं, जावईबापूंची खुर्ची मुद्दाम त्याच्यासमोर. बाबा खाकरले. "मशीन... छान निवडलं तुम्ही." "असू द्या, असू द्या," जावईबापू म्हणाले अन् कूलरसमोर झोपले. उठले. चहा झाला. परत बाबा खाकरले. आता त्यांना खरंच खोकला लागला. शेवटी मधुसूदनरावांनी आपणहून, स्वतःच्या तोंडाने विचारलं, "काय मामाजी, कॉम्प्युटरची काही अडचण?"

अन् आई-बाबा दोघं एका सुरात म्हणाले, "नाही, नाही, काहीच नाही!"

मी ओरडलो. "आहे! प्रिंटर! कागदाची साइज!"

आई-बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जावयाला ताटावरून उठवलं. पण मधुसूदनराव उठले, बसले कॉम्प्युटरसमोर, अन् पासवर्ड टाकताना आम्ही सगळ्यांनी, कोणी न सांगता, भिंतीकडे तोंडं केली. बाबांनी तर डोळे पण मिटले! टक टक टक टक... उघडलं. दोन मिनिटांचं काम, रामलाल खोटं बोलला नव्हता. प्रिंटर घरघरला, कागद सरसर आला, वरून खालपर्यंत, विमलताईंसकट साऱ्या बाया! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

अन् तो कागद मधुसूदनरावांनी उचलला. अन् वाचला. मोठ्याने!

"'जावई हा पाहुणा आहे, देव नाही. त्याचे पाय धुणे बंद करा. धोंड्याचे वाण बंद करा. कारण जावई मागतात आणि सासरे मोडतात.'"

आई अनारशांचं ताट घेऊन दारातच उभी. वर दिवा लावलेला. बाबांचा खोकला थांबला.

मधुसूदनराव माझ्याकडे वळले. "साळेसाहेब, छान लिहिलं. एकच सांगा. मी कधी मागितलं?"

अन् खरंच, माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. बोलावलं की यायचा, बसवलं की बसायचा, पाय पुढे करा म्हटलं की करायचा.

"मला तर त्या पाटावर गुडघा दुखतो," ते म्हणाले. "पण नाही म्हटलं तर मामाजींना वाटते, जावई रुसला. आता हे ताट मी घेतलं तर तुमच्या पत्रकातला जावई होईन. नाही घेत."

तुम्हाला सांगतो, पत्रक पाळणारा जिल्ह्यातला पहिला माणूस आमच्या घरी निघाला, अन् आमच्या घरात रडारड! आई म्हणते, धोंड्यात जावई रिकाम्या हाताने गेला. बाबा म्हणतात, पुण्याला पाठवून चूक केली. ताई गाडीत बसताना म्हणाली, "अनिकेत, तू नं, छापतच बस आता!"

मी त्या एका कागदाच्या झेरॉक्स काढल्या अन् विमलताईंसोबत बैठकीला गेलो. व्याह्याने कागद हातात घेतला! छापील होता ना! शेवटपर्यंत वाचला, एकेका बाईचं नाव वाचलं, अन् मग माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी विरजणवाल्याकडे पाहत होतो. "हे समदं ठीक हाय. पण मास्तर, खरं सांगा. तुमच्या घरी या धोंड्यात जावयाले काय देल्लं?"

सगळी बैठक माझ्याकडे बघतेय. विमलताईंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं.

म्हटलं, "काहीच नाही. त्यांनी घेतलंच नाही."

"शप्पत?"

"आई अजून रडून राहिली घरी. फोन लावून देऊ का?"

व्याही हसला. यादी खिशात घातली. कोकिळाचं लग्न चहा-पोह्यांवर ठरलं! विमलताई तिथेच म्हणाल्या, "नाव छापून आलं नं, मी म्हणत नव्हती?"

आता झालं असं, की आजूबाजूच्या गावांना पण कागद पाहिजे. आपापल्या बायांच्या नावांचा. मी आनंदाने घरी आलो, टाइप केलं, छापलं... अन् परत नावं कापली! मधुसूदनरावांनी साइज फक्त त्या एका पानापुरती बदलली होती. आई म्हणते, "आता कोणत्या तोंडानं बोलावू? मानपान तूच बंद केला नं?" पुढचा धोंडा तीन वर्षांनी! मी म्हटलं, तोवर हाताने लिहीन. लिहितोय. बोटं सुजली. घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, आता विचारत पण नाही.

अन् परवा मारेगावहून पाहुणे आले. माझ्यासाठी. मुलगी शिकलेली, घर चांगलं. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, हुंडा नाही, मानपान नाही, पाय धुणं नाही. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "काहीच नाही देत, बापा. फक्त घरी पोरीसाठी नवा कॉम्प्युटर घेतला, प्रिंटरसकट. आमच्यातल्या कोणाले त्यातलं काही समजत नाही. त्याचं पासवर्ड-बिसवर्ड, परवानग्या, सारं आता जावईबापूच पाहतीन."

मी तत्त्वाचा माणूस. मी ताडकन उठून बाहेर जायला पाहिजे होतं की नाही? उठलो ना! ताडकन उठलो! अन् उभ्या उभ्या एवढंच विचारलं...

"मोठ्या साइजचा कागद घेतो का हो तो?"