पाचवीतली दुसरी मुलगी

बी.ए. झालेली बाई पाचवीत जाऊन का बसली, असं चाकणात अजून विचारतात, तर तुम्हीही ऐका. आमच्याकडे मुलींची शाळा चौथीला संपते. पुढे सातवीपर्यंत मुलांची शाळा, मग हायस्कूल, मग पुण्याला कॉलेज. कांद्याच्या व्यापाऱ्याची झुबेदा चौथी झाली आणि तिला पुढं शिकायचं होतं. तिचे अब्बा तयार होते. आडवे आले ते शाळा कमिटीतले माझे चुलते, आबा.

"येकटी पोर पोरांत बसायची न्हाई. दुसरी आण, मग बगू."

मी घरोघर फिरले. कोणी मुलगी देईना. मग सोमवारी झुबेदाचा हात धरून वर्गात गेले आणि तिच्याशेजारी तरटावर बसले. गुरुजी धावत जाऊन आबांना घेऊन आले.

"अगं, तू बी.ए. झालीस न्हवं?"

"दुसरी मुलगी हवी होती ना? ही बसले."

"लाज न्हाई वाटत? किती दिस बसशील अशी?"

"तिसरी येईपर्यंत."

आबा पाय आपटत गेले, पण झुबेदाचं नाव पटावर चढलं.

मी स्वतः मामांकडे खेडला शिकले, पाचवी ते अकरावी, मुलांच्या वर्गात कोपऱ्यात एकटी. कॉलेजात मुली होत्या, पण खेडवळ मुलीशेजारी कोणी बसेना.

आबा गेल्यावर झुबेदानं मला कोपरानं ढोसलं. "आपा, थोडं सरका ना."

चौथीनंतर वर्गात मला कोणी सरकायला सांगितलं, ते त्या दिवशी.