पारवा दोन-सात

मुलगी : नाही हो बाबा, यादीत नाहीये. चारशे विमान कंपन्या दिल्यात, पण तुमची पारवा नाही.

बाबा : नीट बघ ना ठकू. 'प'च्या खाली बघ.

मुलगी : तीनदा बघितलं. कंपनी बंद पडून बावीस वर्षं झाली. कोण ठेवणार तिचं नाव?

बाबा : मग आता विमानतळाचा टॉवर मला हाक कशी मारणार?

मुलगी : सुरू करते, ऐका... ऐकलंत?

बाबा : हे काय? नुसती अक्षरं आणि आकडे! तुरुंगात कैद्याला बोलावतात तसं!

मुलगी : नाव यादीत नसलं की हा कॉम्प्युटरवरचा खेळ विमानाच्या शेपटीवरची अक्षरं वाचून दाखवतो.

बाबा : खेळ म्हणू नकोस. सत्तराव्या वाढदिवसाला तू मला विमान दिलंयस. हा दांडा, हे पायाखालचे पेडल, खिडकीतून दिसतात तसे ढग. सगळं अस्सल आहे. फक्त हाक नकली. एकोणीस वर्षं मी पारवा दोन-सात होतो, अगं. बाजारात भाजीवालीसुद्धा मला कॅप्टन म्हणायची, पण वर आकाशात मी पारवाच. मोठ्या कंपन्यांचे वैमानिक हसायचे. त्यांची नावं काय एकेक, कुणी गरुड, कुणी वज्र, आणि मध्येच आमचा पारवा, पोटात वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन.

आई : (शेजारच्या खोलीतून, इस्त्री करता करता) आणि कोंबडीची पिल्लं.

बाबा : आणि कोंबडीची पिल्लं! दर मंगळवारी आठशे पिल्लं, एका दिवसाची. मी माइकचं बटण दाबलं की टॉवरला आधी त्यांचा चिवचिवाट ऐकू जायचा. तुझ्या आईने पहिल्यांदा विचारलं काय, माहितीये?

मुलगी : माहितीये बाबा. "पारवा दोन-सात, आपल्यासोबत आणखी कोण बोलतंय?"

बाबा : मी म्हटलं, आठशे प्रवासी आहेत, मॅडम, आणि सगळे एकदम घाबरलेत.

आई : मी हसले नव्हते.

बाबा : बटण सोडून हसली असशील.

आई : ते वेगळं.

मुलगी : हे बघा, नाव घालता येतंय! फाईल उघडली की खाली एक ओळ आपल्याला लिहिता येते. 'पारवा' लिहिलं. पण आवाज आपण द्यायचा. प्रत्येक शब्द दोनदा म्हणायचा, एकदा वाक्याच्या मध्ये आल्यासारखा आणि एकदा शेवटी आल्यासारखा. मग टॉवर ते तुकडे जोडून बोलतो.

बाबा : मी म्हणतो की!

मुलगी : म्हणजे तुम्हीच तुम्हाला उतरायची परवानगी देणार?

आई : यांना तेच आवडेल.

मुलगी : आई, तू म्हण ना. तीस वर्षं टॉवरमध्ये काढलीस. घरात खरा टॉवर असताना या मशीनचं कशाला ऐकायचं?

आई : मी निवृत्त आहे. आणि तो तुमचा टॉवर अडाणी आहे. मगापासून ऐकतेय इथून. वाऱ्याची दिशा सांगत नाही, एक विमान धावपट्टीवरून हललेलं नसताना दुसऱ्याला खाली बोलावतो. माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी खुर्चीवरून उठवला असता.

मुलगी : म्हणून तर म्हणतेय. दहा मिनिटांचं काम आहे. इस्त्री बंद कर आणि ये.

आई : एवढा एक सदरा होऊ दे... हं. कुठे बोलायचं? याच्यात? किती लांबून?

मुलगी : वीतभर. आधी आकडे.

आई : शून्य. शून्य. एक. एक. दोन. दोन. तीन. तीन...

बाबा : ऐकतेस ना ठकू? एक अक्षर खाली नाही, एक वर नाही. भर वादळात असाच असायचा. ढगात विमान पत्र्याच्या डब्यासारखं वाजतंय, कपाळाला घाम, आणि कानात हा आवाज. वाटायचं, खाली सगळं जागेवर आहे, आपण फक्त पोचायचंय.

आई : मध्ये बोलू नका. रेकॉर्ड होतंय. ...आठ. आठ. नऊ. नऊ. पुढे?

मुलगी : 'वारा', 'डावीकडे वळा', 'धावपट्टी मोकळी', 'उतरायला परवानगी'. सगळं दोनदा.

आई : वारा. वारा. डावीकडे वळा. डावीकडे वळा. धावपट्टी मोकळी. धावपट्टी मोकळी. उतरायला परवानगी. उतरायला परवानगी. झालं?

मुलगी : क्या बात है! एकही पुन्हा घ्यावं लागलं नाही. आता फक्त 'पारवा'. दोनदा.

आई : ते तू म्हण.

मुलगी : मी? माझा आवाज वेगळा. "पारवा" एकीचा आणि "दोन-सात" दुसरीचा, कसं वाटेल?

आई : मग यांना म्हणू दे. माझी इस्त्री गार होतेय.

मुलगी : आई, एक शब्द राहिलाय!

बाबा : राहू दे ठकू. नको मागे लागू. तिला तेव्हाही म्हणायचा नव्हता.

मुलगी : तेव्हा म्हणजे?

बाबा : काही नाही. अक्षरं वाचतोय तो टॉवर, ते ठीक आहे. सवय होईल.

मुलगी : बाबा, तेव्हा म्हणजे केव्हा?

बाबा : शेवटच्या दिवशी. कंपनी बंद झाली तो गुरुवार. तू आठवीत होतीस.

मुलगी : मला एवढंच आठवतं की त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी आपली माझी शाळा, माझा डबा, गुपचूप.

बाबा : तेव्हा एक पद्धत होती. एरवी टॉवरवाले शब्द मोजून बोलतात, फालतू एक नाही. पण वैमानिकाचं शेवटचं उड्डाण असलं, की तो उतरल्यावर एक वाक्य जास्तीचं बोलायचे. कुठल्या नियमात नाही, पण साहेबसुद्धा कानाडोळा करायचे. कुणाला "सुखाने राहा" म्हणाले, कुणाला "तुमच्याशिवाय सकाळ सुनी वाटेल". आमचा एक बुवा होता, रेड्यासारखा दांडगा, तो त्या एका वाक्याने विमानातून खाली उतरेना. मी महिनाभर वाट बघत होतो. हिची ड्यूटी आहे, हे तक्त्यात बघून ठेवलं होतं. शेवटचं वळण घेतलं, बटण दाबलं, आणि उत्तर आलं ते मास्तरांचं.

मुलगी : मास्तर म्हणजे आईच्या टॉवरमधले ते टकले काका?

बाबा : तेच. हिने ड्यूटी बदलून घेतली होती. मी उतरलो. मास्तर म्हणाले, "डावीकडे वळा, चौथ्या थांब्यावर जा." बस. एकोणीस वर्षांचा निरोप. गेलो चौथ्या थांब्यावर.

मुलगी : आई?

आई : आणि तुम्हाला काय वाटलं, मी का बदलली ड्यूटी?

बाबा : रागाने. मोठ्या कंपनीतली नोकरी मी नाकारली, तुला न विचारता. घर तुझ्या एकटीच्या पगारावर आलं. राग येणारच. बरोबरच होतं तुझं.

आई : बावीस वर्षं हेच धरून बसलात?

बाबा : तू कधी काही बोलली नाहीस.

आई : मला आधी कुणी पुकारल्याशिवाय मी उत्तर देत नाही. जन्माची सवय ती. तुम्ही विचाराल म्हणून थांबले. आज विचाराल, उद्या विचाराल... मग राहूनच गेलं.

बाबा : आता विचारतोय.

आई : प्रत्येक विमानाची एक कागदाची पट्टी असायची, ठकू. त्यावर नाव, वेळ, उंची. आपण हाताने लिहायची. त्या दिवशी मी 'पारवा' लिहिलं आणि पुढे 'दोन-सात' लिहिताना माझा हात हलायला लागला. तीस वर्षांत तेवढा एकदाच. मनात आलं, हात हलतोय तर आवाजही हलेल. हवेत तेव्हा आणखी सहा विमानं होती. टॉवरचा आवाज कापरा झाला की वरच्या माणसाला वाटतं, खाली काहीतरी बिनसलंय. रडायला मला बंदी होती असं नाही. पण त्या खुर्चीत बसून नाही. म्हणून मी माइक मास्तरांच्या हातात दिला.

बाबा : आणि घरी निघून आलीस.

आई : कोण म्हणालं? मास्तरांच्या मागे उभी होते. दुर्बीण डोळ्याला लावून. विमानातून उतरून पार दिसेनासे होईपर्यंत. तुम्ही चाकं टेकवलीत ती आधी डावं, मग उजवं.

बाबा : वारा होता त्या दिवशी.

आई : चार नॉट. पीससुद्धा उडत नाही त्यात. तुम्ही रडत होतात.

बाबा : ...थोडासा.

मुलगी : मग मास्तरांनी ते वाक्य का नाही म्हटलं?

आई : मी लिहून दिलं होतं त्यांना. त्याच पट्टीच्या मागच्या बाजूला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि पट्टी मला परत दिली. म्हणाले, "वहिनी, हे मी म्हटलं तर कॅप्टन मला जोड्याने मारेल. हे तुमचं तुम्हीच सांगा."

बाबा : काय लिहिलं होतंस?

आई : ते असं इस्त्री करता करता सांगायचं नसतं.

मुलगी : आई, थांब. ही फाईल राहू दे. मी या खेळातल्या टॉवरचा आवाजच बंद करते. असा. आता आकाशात कुणी बोलणारं नाही. बाबा, तुम्हाला वर नेऊन ठेवते, धावपट्टीपासून पाच मैल, दुपारची वेळ, स्वच्छ हवा. आई इथे बसेल. उतरा तुम्ही.

बाबा : आत्ता? अगं, मी घरच्या लेंग्यात आहे.

आई : माझा चष्मा दे ठकू. वारा कुठे दिसतो यात? हा काटा? बरं. आणि हे बाजूचं विमान कुणाचं?

मुलगी : ते नुसतं चित्रातलं आहे, आई.

आई : चित्रातलं असो नाहीतर कुणाचं. धावपट्टीवरून काढ त्याला. त्याशिवाय मी कुणाला खाली घेणार नाही.

मुलगी : काढलं. बाबा, बोला.

बाबा : टॉवर... हं... टॉवर, पारवा दोन-सात. पाच मैलांवर. उतरायचंय.

आई : पारवा दोन-सात, वारा दोनशे चाळीस, चार नॉट. धावपट्टी मोकळी. उतरायला परवानगी.

मुलगी : बाबा, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं ना? बोला की.

बाबा : थांब जरा. मला दिसत नाहीये नीट.

आई : पारवा दोन-सात, उत्तर द्या.

बाबा : उतरायला परवानगी. पारवा दोन-सात.

आई : उंची जास्त आहे तुमची. सावकाश. घाई नाही, मागे कुणी नाही.

बाबा : हो.

आई : आता ठीक.

मुलगी : टेकलं! बाबा, टेकलं! अहो, ब्रेक, ब्रेक!

बाबा : टॉवर, पारवा दोन-सात उतरला.

आई : पारवा दोन-सात. ड्यूटी संपल्यावरही तुम्ही खाली आल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. एकोणीस वर्षं. एवढंच सांगायचं होतं.

मुलगी : ...बाबा?

आई : पारवा दोन-सात, ऐकू आलं का?

बाबा : आलं. पुन्हा सांगा.