सातवी पाटी

दार लोट आधी. — लोट गं, वाफ जाते म्हणून नाही, कशासाठी ते तुला कळलंय. हो, सुरीच आहे. मासे साफ करायची. आणि तिच्याखाली जे आहे तो देवाच्या फळीवरचा तांदळाचा गोळाच आहे, तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस, हिसानो, आता तोंड मीट. छत्तीस वर्षं झाली मला या घरात येऊन. दर नव्या वर्षासाठी अठ्ठावीस डिसेंबरला गोळा फळीवर ठेवते, अकरा जानेवारीला उतरवते, पण लोखंड म्हणून कधी लागू दिलं नाही त्याला. सासूबाई सांगायच्या, योद्ध्यांच्या घरात नव्या वर्षाचं अन्न कापत नाहीत, पोट कापल्यासारखं होतं ते. फोडायचं. लाकडी मोगरीने, सगळ्या शिष्यांसमोर, आणि ज्याची कराटेशाळा त्यानेच. — अगं मग मला काय ठाऊक नाही का? कापत कुठे आहे मी, बुडाला नुसती चीर पाडते आहे, एक अशी नि एक आडवी. कालपासून ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं तेव्हा कुठे सुरी शिरते आहे. चौदा दिवसांत दगड झालाय नुसता.

कशासाठी म्हणून काय विचारतेस? तूच विचारतेस? सप्टेंबरात यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलंस ते तू, डॉक्टर मेंदूचा झटका म्हणाले तेव्हा माझा हात धरून उभी होतीस ती तू. बाकीच्यांना सांगितलंय खांदा दुखतो, आणि चार महिने तुझ्या तोंडून अवाक्षर बाहेर पडलं नाही. मी विसरले नाही ते. पण तू काय बघतेस, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बघतेस. मी सकाळचा चहा बघते. पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो यांना. आता त्या हाताने मोगरी उचलायची, आणि एका घावात — एकाच, बरं का! सासरे गेले त्या वर्षी हे भरल्या शाळेसमोर बोलून बसलेत, ज्या वर्षी माझ्याने एका घावात फुटणार नाही, त्या वर्षी भिंतीवरची पहिली, माझ्या नावाची पाटी मी माझ्या हाताने उतरवीन. तरुण होते, बोलून गेले. आता न्याहारी झाली की नाही ते आठवत नाही, पण तो शब्द बरा आठवतो! आणि कुरोसेलाही आठवतो. पट्टशिष्य ना तो, दुसरी पाटी त्याची. मेला वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी घातल्या असत्या. चांगला आहे. तू उभी आहेस ना, तिथेच उभा राहून म्हणाला, "काकू, सेन्सेईंना आता विश्रांती द्यायला हवी." गुरूला विश्रांती! परवा मला सासूबाई समजून हाक मारली यांनी, मी "ओ" दिली, काय करणार. पण सकाळी उठून त्या बर्फासारख्या जमिनीवर अनवाणी फडकं मारतात, पट्टा बांधतात, आणि गाठ कधी चुकत नाही. डोकं विसरतं, बोटं विसरत नाहीत. पाटी उतरली तर त्या बोटांनी करायचं काय, सांग मला. माझी लोकर गुंडाळत बसायचं?

— कोण? कुरोसे का? ये, ये, तयार आहे. हे बघ, पुसून पाटावर ठेवलाय. उचलू नको, पाटासकट ने. पाटासकट, म्हटलं ना.

गेला. पाहिलं का गं त्याने काही? नाही ना? तो आला तेवढ्यात सुरी फडक्याखाली सारली मी. — तू का नाही गेलीस? बरं, थांब, ते कढण ढवळ जरा, लाल चवळी तळाला पटकन लागते. मागच्या खेपेला करपलं होतं तर पोरं म्हणाली, काकू, यंदा काळा पट्टा कढणालाच मिळाला. — श्श. टाळ्या दोन. देवाला नमस्कार झाला. आता मोगरी घेतली असेल. ढवळू नको, पळीचा आवाज होतो. गप्प बस. —

— ऐकलंस? एकच ना? दुसरा नाही ना झाला? मला एकच ऐकू आला. अगं ओरडताहेत बघ, टाळ्या बघ! देवा रे. मला जरा टेकू दे. हसतेस काय, रडतेय कुठे मी, वाफ आहे ही. झालं! वर्षाची चिंता मिटली. आता नुसती प्रमाणपत्रं उरली, त्यात काही अवघड नाही, तबकात घालून पुढे ठेवायची नि यांनी वाचायची. यंदा अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय मी. सात आहेत. सहा रंगीत पट्ट्यांची, आणि काळा एकच, कुणाचा ते सांगायला नको. पाटी बघायचीय तुझी? ही घे, देवदाराची आहे, वास घेऊन बघ. शाई तीन वेळा चढवली. भिंतीवर नऊ वर्षं खालच्या ओळीत होतीस, आज वर काळ्या पट्ट्यांच्या ओळीत जाशील, सातवी. लेक आली आहे ना तुझी? मघाशी पाहिली, मागे बसलीय, फोन रोखून तयार. आईचा फोटो काढणार म्हणून सेंदाईहून आली बिचारी.

डिसेंबरच्या परीक्षेचं काय? चांगली झाली की. — काता दोनदा करायला लावला? सगळा पवित्र्यांचा क्रम, परत पहिल्यापासून? ते होय, पहिला विसरले असतील. सगळ्यांनाच लावला असेल. — नाही? तुला एकटीलाच? असेल, मला कुठे दिसतं इथून. निकालाचा कागद मी पाहिला ना, सगळ्यांपुढे पास म्हणून गोल काढले होते यांनी, म्हणजे चौघांपुढे. दोघांपुढे काहीच नव्हतं, मी विचारलं तर म्हणाले, "दे गं, थंडीत आली पोरं." तुझ्यापुढे? गोलच. मीच तर — मीच पाहिला म्हणते आहे. अशी बघू नकोस माझ्याकडे. हिसानो, कढण लागेल. — बरं. लिहिलं होतं. "पुढच्या वर्षी. डावी टाच उचलते." झालं समाधान? एवढंच लिहिलं होतं, त्याहून एक शब्द जास्त नाही. नीट दिसावं म्हणून दोनदा करायला लावला. विसरले नव्हते. त्या दिवशी डोकं अगदी निवळशंख होतं, तेच तर — रात्री जेवताना आपण होऊन म्हणाले, ती टाच एकदा जमिनीला चिकटली की हिच्यासारखी दुसरी या शाळेत नाही. किती महिन्यांनी असं सलग बोलले माझ्याशी. आणि मी उठले नि त्या ओळीवरून शाई फिरवली. टाच! एका टाचेपायी! तू आमची झाकली मूठ झाकलेली ठेवलीस, मी काय द्यावं तुला? मला पट्टा बांधता येत नाही, काता येत नाही. मला पाट्या लिहिता येतात.

— काय रे? फुटलेले तुकडे ना? ठेव, तिथे ठेव. हो, लगेच कढणात उकळते. — काय? ... बरं.

ऐकलंस काय म्हणाला कुरोसे? "काकू, सरळ तुकडे आधी टाका, लवकर विरघळतील." सरळ कुठले आलेत, फोडलेल्या गोळ्याला सरळ — इकडे बघ. बघ ना. सगळे पालथे घातलेत. चिरलेली बाजू खाली, एकूण एक, रांगेने लावलेत मेल्याने. म्हणजे पाट उचलतानाच त्याला — आणि तरी नेऊन ठेवला पुढे. टाळ्याही पहिल्या त्याच्याच ऐकू आल्या मला, ओळखते मी, पसरट वाजतात. विश्रांती द्या म्हणणारा माणूस. मी आता बाहेर कशी जाऊ? तोंड कसं दाखवू त्याला? तू ने बाई तबक, तुला तसंही आत जायचंच आहे. —

काय काढलंस त्यातून? तुझंच प्रमाणपत्र? हिसानो. सात आहेत ती, परत ठेव. हे तबकात असेल तेवढं वाचतात, एक नाव जास्तीचं असलं तरी त्यांच्या लक्षातही यायचं नाही की — अगं, येईल. येईल की काय? त्यांनी सातवं लिहिलंच नव्हतं. सहाच व्हायची होती त्यांच्या हिशेबी. — ते खरं गं, पण लेकीला काय सांगशील? सेंदाईहून आलीय पोर. — टाच? टाच सांगशील? हसू नकोस, मला वाईट वाटतं. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

बरं. दे इकडे, चुलीत नाही घालत, डब्यामागे ठेवते. पाटी इथेच फडताळात राहील. शाईला काही होत नाही वर्षभराने, सावलीत असली की झालं. जा तू आता, हाक मारताहेत. तबक छातीशी धर, आणि दार ओढून घे. या खेपेला वाफेसाठीच म्हणते आहे.