पुकारा सावळारामाचा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. माणूस समोर हजर असून गैरहजर असू शकतो का? — ते खांबाजवळचे काका मान डोलावताहेत. डोळे मिटून! त्यांना उत्तर पाठ आहे.

कोकणातल्या एका तालुक्याला मोरेश्वर केळुसकर नावाचे न्यायाधीश होते. वकिली केली, परीक्षा दिली, खुर्चीवर बसले. बावीस वर्षं झाली, पण दिलेला हुकूम मागे घेतला असं एकदाही नाही! एकदा रागात बिनसाखरेचा चहा सांगितला, तर जन्मभर तोच प्यायले. आता जिल्हा न्यायाधीशाची बढती तोंडावर आली होती.

तेवढ्यात एक दावा आला. सावळाराम जिवबा मेस्त्री याची पायवाट शेजाऱ्याच्या परड्यातून जायची. शेजारी म्हणे, बंद करा. सावळारामाच्या घराला दुसरी वाटच नाही! मग घरी जायचं कसं — माडावरून उडी मारून?

तारखेला पट्टेवाल्यानं तीनदा पुकारा केला, "सावळाराम जिवबा मेस्त्री हाजीर हो!" कोणी आलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, लिहिलं — गैरहजर. निकाल एकतर्फी. वाट बंद!

आठ दिवसांनी एक म्हातारा आपला वकील घेऊन उभा राहिला. "साहेबांनू, मी सकाळपासना थयच पायरेर बसान होतंय."

साहेब तडकले. "मग ओ का दिली नाही?"

"माका खंय बोलवल्यानी? तो कोणा सावळारामाक बोलवी होतो."

"सावळाराम कोण मग?"

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं. त्याचा वकील कानात कुजबुजला. म्हातारा चाचरला, "मीच म्हणतत. पण माका सगळे बाबलोच म्हणतत."

शेजाऱ्याचा वकील उठला. "साहेब, पुकारा झाल्याची नोंद आहे. आपलाच हुकूम आपण फिरवणार?"

साहेबांनी पट्टेवाल्याला विचारलं, "हा त्या दिवशी होता?"

पट्टेवाला मान खाली घालून म्हणाला, "होता साहेब. माझा घसा बसलेला, म्हणून हाच पायरीवरून उठून माझ्याबरोबर व्हरांडाभर हाका मारत फिरला. सावळाराम, सावळाराम!"

कोर्ट हसलं, मंडळी. साहेब नाही हसले. बढती दिसत होती, बावीस वर्षं दिसत होती. आणि समोर तो म्हातारा, ज्याला घरी जायला वाट नव्हती. फार लाज वाटली त्यांना. त्यांनी लिहिलं, "पुकारा नावाचा झाला, माणसाचा झाला नाही. चूक न्यायालयाची. हुकूम रद्द."

मग रीतसर सुनावणी झाली आणि वाट राहिली. साहेबांची बढती? त्या वर्षी नाही झाली. विचारलंत म्हणून सांगितलं.

आता तुमचं काय? तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठे जज्ज! अहो, घरोघरी कोर्ट भरतंय! सून स्वयंपाकघरात उभी, आणि ओटीवर तिचा निकाल लागलेला. भाऊ दहा वर्षं शेजारच्या दारात राहतो, आणि आपण सांगतो, तो येतच नाही. कधी बोलावलंत? आज घरी गेलात की त्याला हाक मारा. त्याला कळेल त्या नावानं मारा — आणि तो ओ देईपर्यंत थांबा.