गाडी बसतीया म्हंजे काय

माझं नाव बाबालाल. आमचं मूळ गाव मुरगूड. बाप टांगा हाकायचा, बाजारादिवशी लांबच्या वाड्यावरची माणसं आणायची आणि सांजंला परत पोचवायची, आणि मी त्येच्या शेजारी बसून, म्हंजे शाळंत कमी आणि टांग्यात जास्त, त्यामुळं चाकाचं येड जे लागलं ते तितनंच. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझी थोरली बहीण. घरी आम्ही मुसलमानी बोली बोलायचो, पण गावात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणत्यात, म्हणून मी बी अक्काच म्हणायचो. आई लवकर गेली, मला भरवलं तर तिनंच, मारलं बी तिनंच.

अक्काला दिली चाफेवाडीला, पार वर डोंगरात. दाजी चांगला माणूस, पण तापानं गेला, पोरबाळ न्हाई. सगळी म्हणायची खाली ये, भाऊ हाय की तुझा कोल्हापुरात. ती म्हणायची हे घर माझं हाय, म्हशी माझ्या हायत, मी कुणाच्या चुलीपुढं हात पसरून बसायची न्हाई. तोंडानं लई फटकळ, काय सांगू तुम्हाला. पण तिच्या म्हशीचं दूध असं, की चहात टाकलं तर चहा गप बसायचा.

मी तवर कोल्हापुरात आलतो. शिवाजी पेठेत खोली घेतली, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. पेठंत फुटबॉलचं लई खूळ, आजबी हाय, मॅच असली की गॅरेजं बंद, चहाची गाडी बंद, आणि जिंकलो का हरलो ते कोण घरी सांगत न्हाई, गल्लीत पाय टाकला की आवाजावरनंच कळायचं. असू दे, ते ऱ्हायलं बाजूला. आमचं मालक बापूसाहेब, त्यांनी लिलावात मिलिटरीचा जुना ट्रक घेतला. दुष्काळानंतरची गोष्ट, सत्तरच्या पुढची. त्या ट्रकाची पुढची चाकं वढायचं सामान कुणी तरी आधीच काढून न्हेलतं, म्हंजे मूळची फोरव्हील गाडी, पण आता नुसती मागचीच चाकं वढायची. तरीबी दणकट. बापूसाहेबांनी तिला दुधाच्या कामाला लावली, डोंगरातल्या वाड्यांच्या किटल्या भरायच्या आणि कोल्हापुरात डेअरीत आणून द्यायच्या. शेवटची वाडी चाफेवाडी. म्हंजे रोज अक्काच्या दारात माझी गाडी, पावणं, असलं भाग्य कुणाला मिळतंय का.

पण पावसाळ्यात रड. चाफेवाडीच्या वाटंवर गाडी बसायची. अडकली की दूध नासलं, न्हाईतर किटल्या आपटून आपटून वर लोणी तरंगायचं आणि डेअरीवाले परत करायचे. एक पावसाळा असा गेला आणि डेअरीच्या सायबानं सांगितलं, पुढच्या पावसात गाडी यळंवर आली न्हाई तर चाफेवाडी रूटमधनं कमी. मी ते अक्काला सांगितलं. ती शेणाचा हात धुता धुता म्हणली, दूध जायाचं न्हाई तर म्हशी कशाला, इकीन आणि हुपरीला नणंदंकडं जाईन, चांदीच्या पैंजणाला घुंगरू जोडत बसीन. बोलली साधंच, पण मला लई लागलं ते.

मालकांना म्हटलं गाडीचं काम करू. ते म्हणले करू, पण पावसाच्या तोंडावर गाडी जास्त दिवस उभी ठेवता येणार न्हाई, एकच काय ते मोठं काम कर, आणि कुठलं ते तूच ठरव, चालवतोस तू. आता आली का पंचाईत.

पहिला गेलो मारुती मिस्त्रीकडं. पेठंतलाच, गिअरचा राजा माणूस, फुटबॉल बघून बघून आवाज बसलेला. म्हटलं मिस्त्री, गाडी बसतीया. त्यो म्हणला बसणारच की, मागची चाकं चिखलात घुमणार आणि पुढची मागनं ढकलली तरच जाणार, फोरव्हील करून घे, लिलावातलं सामान मी मिळवतो, मग पुढची चाकं बी वढत्यात, भिताडावर चढीव गाडी. मला पटलं. मग गेलो ज्ञानूमामाकडं. ह्यो पाट्याचं काम करायचा. पाटं म्हंजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक, कमानीगत वाकवलेल्या, सगळ्या गाडीचं वझं त्येच्यावर. म्हटलं मामा, गाडी बसतीया. त्यो बी म्हणला बसणारच की, पाटं किती वर्साचं हायत, कमान मोडून सरळ झाल्यात, भट्टीत घालून कमान चढवतो, एक पाटा वाढवतो, भरलेली गाडी बी हातभर वर उचलून धरत्यात का न्हाई बघ. ते बी पटलं. दोघंबी खरं बोलाय लागल्यात आणि दोघंबी एकमेकाला शिव्या देत्यात, आणि मी मधी. रात न्हाई दिस न्हाई, जेवताना बायकू म्हणायची काय कालवणात मीठ न्हाई का, तर मी म्हणायचो फोरव्हील.

शेवटाला एक दिवस वर गेलो, किटल्या भरल्या, आणि अक्काच्या दारात बसून हेच सगळं सांगत बसलो. तिला कशाचं काय, म्हशीचं बघत होती. म्हणली, तू सारखं बसतीया बसतीया म्हणतोस, पण बसतीया म्हंजे काय? चिखलात बसतीया का पोटावर बसतीया? मी म्हटलं म्हंजे? ती म्हणली, अरे मी गेल्या पावसात तुझी गाडी बघितलीया की, चाकं घुमत होती, पण चिखलात रुतली न्हवती, वाटंच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं होतं, ही माझी म्हस बसतीया तशी. पाय कितीबी झाडले तरी पोट उचलल्याबिगार उठंल का ती?

मी तसाच उठलो आणि दारातल्या गाडीखाली घुसलो. गिअरबॉक्सच्या खालचं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. म्हंजे पाटं बसली म्हणून गाडी बसत होती. चारी चाकं वढली असती तरी अधांतरीच वढली असती. बोलायचा एकच शब्द, आणि दोन्ही मिस्त्र्यांनी आपापल्या कामाचा तेवढा ऐकलेला, आणि मला बी कुणी इचारलं न्हाई, कशात का कशावर.

ज्ञानूमामाकडं गाडी लावली. त्येला एवढंच म्हटलं, मामा, उंच कर पण कडक करू नको, किटल्या नाचत्यात. त्यानं पाटं लाल करून एकेक कमान हातानं चढवली, वाढीव पाटा पातळ घातला. मारुती मिस्त्री माझ्याशी बोलायचा बंद झाला, मॅचला शेजारी उभा ऱ्हायला तरी बोलायचा न्हाई.

पाऊस आला. वाटंवर गाडी त्या उंचवट्यावरनं अशी गेली की मी खाली वाकून बघितलं, खरंच गेली का म्हणून. पण सगळं गोड झालं असं न्हाई. ओढ्याच्या चढाला पाणी वाढलं की मागची चाकं घुमायचीच, तितं फोरव्हीलच पाहिजे होती, मारुतीचं ते खोटं न्हवतं. मग चाफेवाडीच्या बायका ओढ्यापतूर डोक्यावर किटल्या घेऊन यायच्या, अक्का सगळ्यांच्या म्होरं, भिजत, शिव्या देत. गाडी अलीकडं उभी, दूध पलीकडनं यायचं. दूध नासलं न्हाई, लोणी तरंगलं न्हाई, आणि पावसाळा सरला तवा वाडीचं नाव डेअरीच्या रूटमधी होतं. मारुती मिस्त्रीला मी त्या ओढ्याचं सांगितलं, तवा कुठं त्यो हासला आणि चहा पाजला.

आता डांबरी झालीया वर, डेअरीची नवी गाडी जाती. आमचा ट्रक मोडीत गेला. माझ्या डोळ्याला कमी दिसतंय, मी गाडी सोडली, पोरगं रिक्षा चालवतंय. आणि अक्का अजून वरच हाय, दोन म्हशी हायत.

गेल्या ईदला आलती. बायकूनं लई आग्रह केला, ऱ्हावा की चार दिस. न्हाई म्हणली. सकाळच्या एस्टीला मी तिला स्टँडवर घालवायला गेलतो, तितं बाकावर बसल्यावर मी म्हटलं, अक्का, तवा मी पाटं सोडून फोरव्हीलचं काम केलं असतं आणि वाडी बंद झाली असती, तर आज तू आमच्याजवळ असतीस. ती माझ्याकडं बघून म्हणली, असते की. तुझ्या घरातली एक म्हातारी असते, तुझी अक्का नसते.

एस्टी आली, ती चढली, खिडकीतनं हात केला न्हाई, तिला सवय न्हाई. मी घरी आलो. मला वाईट बी वाटलं, पावणं, आणि खोटं कशाला बोलू, बरं बी वाटलं. अल्ला तिला हातीपायी धड ठेवो, आणि तिच्या म्हशींना बी.