भिंतीकडची

माझं माहेर परतूर तालुक्यात, रेल्वेच्या पटरीजवळ, दारात बसलं की गाडीचा आवाज यायचा पण गाडी आमच्या गावात थांबत न्हाई, तिला परतूरलाच जाऊन गाठावं लागतं. आम्ही सहा बहिणी आन शेवटी एक भाऊ, मी त्यातली पाचवी. जमीन म्हणाल तर न्हाई. दादा, म्हंजे माझे वडील, दुसऱ्याच्या रानात मजुरी करायचे, माय कापूस वेचायला जायची. आम्ही जयभीमवाले, वस्तीत बुद्धविहार होतं, तिथं लेकरं शिकवा, लेकरं शिकवा म्हणून सांगायचे आन दादा मान हलवायचे. तरी माझ्या मोठ्या चौघी चौथी-पाचवीतच घरी बसल्या. मी मात्र नववीपर्यंत पोचले, ते बी काही लाडानं न्हाई, घरात इतकी माणसं की त्यातली एक पोरगी सकाळी दप्तर घेऊन निघून गेली काय आन न गेली काय, कोणाच्या ध्यानात येत न्हवतं. हसू नका ताई, खरं सांगून राह्यले.

शाळा गावातच, जिल्हा परिषदेची प्रशाला, दहावीपर्यंत. जुन्या दगडी खोल्या, निजामाच्या टायमाच्या म्हणतात. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं पायी यायची. एका बाकावर दोघींच्या जागी चौघी, आन जी उशिरा आली ती खाली फरशीवर. भूगोलाचे सर तवा तरणे होते, परभणीकडचे, गावातच खोली करून राहायचे. पृथ्वीचा गोळा हातात धरून एक बोट लावलं की तो गरगर फिरायचा, आन सर म्हणायचे, कुठं थांबवू सांगा. मी म्हणायचे, सर, तिकडं बर्फात. त्यांच्या तासाला मला भूक लागायची न्हाई, एवढंच सांगते.

एक दिवस त्यांनी लोकसंख्येचा धडा घेतला. जगात पहिले माणसं किती कमी होती, मंग कशी वाढत गेली, आन वाढली की माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कसा जातो, ते सगळं. फळ्यावर एक रेघ काढली, आधी आडवी, आडवी, लई वेळ आडवीच, आन मंग एकदम उभी. फळा संपला तरी रेघ संपेना. सरांनी काय केलं, तांबडा खडू तसाच भिंतीवर नेला, चुन्याच्या भिंतीवर हात पुरेल तिथपर्यंत रेघ ओढली आन म्हणले, अजून वरच चाललीय. आम्ही सगळे माना वर करून बघून राह्यलो.

मंग म्हणले, लांब कशाला जायचं, ह्याच वर्गात बघू. आपल्या घरातलं पहिलं आन दुसरं लेकरू जे असंल त्यानं बसून राहायचं, तिसऱ्यापासून पुढचे सगळे उठा आन भिंतीकडं उभे राहा.

उठलो. ढकलाढकली, हसणं, कोणी म्हणतं ए सरक, कोणी म्हणतं सर माझ्या आधीचं एक वारलं, मी दुसरा का तिसरा. भिंत भरली, मंग दारापर्यंत रांग गेली. बाकावर राह्यले किती, सरपंचाचा पोरगा, कंपाउंडरची पोरगी, असे थोडे, आन ते बी बिचारे उघडे पडल्यासारखे. माझ्या बाजूला चंद्रकला होती, ती कानात म्हणली, आगं मी तिसरी म्हणून भिंतीकडं, तू तर पाचवी, तुला भिंतीच्या पलीकडं उभं राहावं लागंल. सर म्हणले, बघा, ह्यांच्या आईबापांनी दोनवर थांबायचं ठरवलं असतं तर आज वर्गात वारं खेळलं असतं. सगळे हसले. भिंतीकडचे आम्हीच जास्त हसलो. मागून एका पोरानं विचारलं, सर, तुमी कितवे? सर म्हणले, पुस्तक उघडा.

सरांच्या मनात वाईट न्हवतं, मी आजबी म्हणते. लई चांगला माणूस. पण त्या भिंतीला पाठ लावून उभं राह्यल्यावर मला जे वाटलं ते आजवर गेलं न्हाई. मला वाटलं, ही रेघ जी भिंतीवर चढली ना, तिच्यात मी हाय. फळ्यावर ज्यांची जागा होती ते बाकावर बसलेत, आन मी फळ्याच्या बाहेरची.

घरी गेले, जेवताना सगळं सांगितलं, हसतच सांगितलं, चंद्रकला काय म्हणली ते बी सांगितलं. बहिणी हसल्या. दादांनी भाकरी मोडली, निम्मी परत टोपल्यात ठेवली.

नववीची परीक्षा झाली तवा अंबड तालुक्यातलं स्थळ आलं. हुंडा नको म्हणले, पोरगी तेवढी द्या. सरांना कळलं तसे ते सोता घरी आले. आमच्या वस्तीत तवा दुसऱ्या समाजाचे मास्तर सहसा येत न्हवते, आले तरी दारातून बोलायचे, पण सर आत येऊन सतरंजीवर बसले. म्हणले, पोरगी हुशार हाय, दहावी तर होऊ द्या, तिचं वय तरी झालंय का. दादा लई शांत माणूस. म्हणले, सर, च्या घ्या आधी. मंग म्हणले, तुमीच वर्गात सांगितलं ना, आमच्यासारख्याच्या घरात लेकरं जास्त झाली म्हणून. मी एक कमी करून राह्यलो.

सरांनी कप खाली ठेवला. मंग परत उचलला आन सगळा च्या पिले, कारण ठेवून गेले असते तर दादांना वेगळंच वाटलं असतं, एवढी समज त्या माणसाला होती. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या हाती सोताचं नकाशाचं पुस्तक पाठवलं, मोठं, पुठ्ठ्याचं. ते मी सासरी नेलं. सासूला वाचता येत न्हवतं, तिनं एक एक पान काढून फळीवर अंथरलं, डब्याखाली. मिठाच्या बरणीखाली आफ्रिका होती, मी रोज बरणी उचलली की बघायचे. सासूचा बी काय दोष, तिला वाटलं रंगीत कागद हाय.

मंग उशिरानं लेकरं झाली, एक पोरगी आन एक पोरगा. प्रज्ञा आन सम्यक. दोनवर थांबले मी, बराबर थांबले. रानातलं काम सुटलं तसे आमचे मालक नंदेच्या नवऱ्याच्या ओळखीनं हैदराबादला आले, वॉचमन म्हणून, मागून आम्ही आलो. तुम्ही बघताच ना ताई, जिन्याखालची ही खोली, पलीकडं पाण्याची मोटर. मोटर चालू झाली की बोलता येत न्हाई. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलात आन मराठी बोललात म्हणून माझं तोंड उघडलं, न्हाईतर दिवसभर हिंदीच. पण हिंदी इथली अवघड न्हाई, आपल्या जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात बोलतात तसलीच, नक्को आन कायकू.

उपकार लई हायत ह्या बिल्डिंगचे. दुसऱ्या मजल्याच्या मॅडमनी प्रज्ञाला शाळेत घातलं, कपडे दिले. मी खोटं बोलणार न्हाई, अन्न मिळतं, छत हाय. पण पोरगी मोठी व्हायला लागली तशी मला रात्रीचा धाक. एकच खोली, तिच्या दारावरून सगळ्यांची ये-जा. आन मागच्या वर्षी सेक्रेटरी साब आले, आमच्या मालकाला म्हणले, अरे, हम तुम मियाँ-बीवी बोलके रखे थे, दो लोगां, तुम चार हो गए, पानी कित्ता लगता मालूम? चांगल्या आवाजात म्हणले, ओरडले न्हाईत. आमचे मालक म्हणले, जी साब. मी भांडी घासून राह्यले होते, हातातली कढई तशीच राह्यली. दोन लेकरं हो ताई. दोनच. तरी मी परत भिंतीकडं.

त्यानंतर उन्हाळ्यात एक फोन आला. म्हणले, ओळखलंस का. आवाज थकलेला होता पण मी ओळखला, पृथ्वीचा गोळा फिरवणारा आवाज. मायकडून नंबर घेतला होता. सर आता तिथंच मुख्याध्यापक झालेत, रिटायर व्हायला आलेत. आधी मायची तब्येत सांगितली, दादा गेल्यावर ती एकटी हाय, सात लेकरांची माय आन घरात एक ताट. भाऊ पुण्याकडं कंपनीत, बहिणी चारी दिशेला. मंग सर म्हणले, बाई, एक मागणं हाय. शाळेत पोरं राह्यली न्हाईत. ज्यांच्याकडं पैसा हाय त्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून परतूरला इंग्रजी शाळेत जातात, आन ज्यांच्याकडं न्हाई त्यांची आईबापाबरोबर बाहेर गेली. नववीचा वर्ग चालतो का बंद होतो अशी पाळी आलीय. आम्ही मास्तर लोक दारोदार फिरून राह्यलो. तुझी पोरगी नववीत जाईल ना? पाठव. आजीजवळ राहील, आजीला बी सोबत. मी सोता लक्ष देतो.

मी म्हणलं, विचार करते सर. फोन ठेवला आन मला रडू बी येईना आन हसू बी येईना.

आमचे मालक म्हणले, पाठव, सेक्रेटरीचं तोंड बंद होईल. मी म्हणलं, लेकरू हाय, गोणी हाय का, इथून उचलून तिथं ठेवायला. तिला मराठी बोलता येतं, वाचताना अडखळते, इथं तेलुगू आन इंग्रजी शिकलेली. पण रात्रीचा धाक तर मलाच होता ना, त्यांना न्हाई. प्रज्ञानं सगळं ऐकलं. म्हणली, आई, मी तिथं कोणासाठी जायचं, माझ्यासाठी का सरांच्या वर्गासाठी? मी म्हणलं, मायसाठी जा. म्हणली, हे खरं न्हाई. मी म्हणलं, खरं न्हाई, पण जा.

जूनमध्ये घेऊन गेले. सर दरवाजात उभे होते, केस सगळे पांढरे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, शिपायाला च्या आणायला लावला, आन आम्हाला नववीच्या वर्गात नेलं. तोच वर्ग. भिंतीला आता पिवळा रंग, रेघ कुठली राहती. बाक रिकामे, पुढं थोडी पोरं बसलेली. दोन्ही बाजूच्या खिडक्या उघड्या, आन वारं असं खेळून राह्यलं होतं की भिंतीवरचा नकाशा फडफड करत होता.

मी म्हणायला न्हाई पाहिजे होतं, पण तोंडातून निघालं. म्हणलं, सर, वर्गात वारं खेळून राह्यलं.

ते हसले, म्हणले, हो, हवेशीर हाय. त्यांना आठवतच न्हवतं. मंग मी सगळं सांगितलं, ती रेघ, ती रांग, दोनवर थांबले असते ते. सर म्हणले, असं बोललो असंल मी? असंल. आगं, तवा ते पाठातच होतं. मी विचारलं, आन आता पाठात काय हाय सर? सरांनी जाऊन एक खिडकी लावून घेतली.

मी म्हणलं, सर, तुमचे उपकार हायत, दादांना समजवायला तुमच्याशिवाय कोणी आलं न्हवतं. म्हणून पोरगी आणली. पण एक करा, तिला कधी उभं करू नका. सर म्हणले, कोणाला उभं करू बाई. आन पोरीला पुढच्या बाकावर बसवलं, तिच्या बाजूला कोणी न्हवतं. बाकाच्या मधोमध बसली माझी लेक, दप्तर एका बाजूला ठेवून. मी त्याच बाकावर कोपऱ्यात अंग चोरून बसायचे.

आता ती तिथं, मी इथं. माय खुश हाय, दोन ताटं लागतात म्हणती. सेक्रेटरी साब बी खुश. माझाच जीव लागत न्हाई. जेवताना हात थांबतो. आपण काय चांगलं केलं आन काय वाईट, हिशेब लागत न्हाई ताई. इथं जी जास्त झाली तीच तिथं कमी पडून राह्यली होती, आन लेकराला कोणी विचारलंच न्हाई.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणली, आई, तो तुझा धडा आला पुस्तकात. मी म्हणलं, काय केलं सरांनी? म्हणली, काहीच न्हाई, धडा घेतलाच न्हाई. घरी वाचून घ्या म्हणले आन पुढच्या धड्यावर गेले. म्हंजे मला शिकवला तो धडा सरांनी माझ्या लेकीला सोडून दिला. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं न्हाई. वाटलं, सरांनी कोणाला वाचवलं, तिला का सोताला.

ती म्हणली, मीच वाचून राह्यले आई, तू ऐक, कुठं चुकले तर सांग. आन अडखळत अडखळत वाचायला लागली. माणूस आपली जागा का सोडतो त्याची कारणं. काम. शिक्षण. पाण्याची टंचाई. लग्न. तिथं थांबली. म्हणली, आई, खाली आपल्या घरातल्यांची कारणं लिहायची हायत, तुझं कोणतं, लग्न ना? आन माझं कोणतं लिहू, शिक्षण का दुसरं काही?

तेवढ्यात इथं मोटर चालू झाली, मला तिचा आवाज ऐकायला येईना. मी फोन कानाला दाबून धरला आन बाहेर गेटपर्यंत गेले. म्हणलं, तू शिक्षणच लिही बाई. आन पुढं वाच, थांबू नको. मी ऐकून राह्यले.