व्याह्यांचा गोल्फ

हसू नका, पण सख्ख्या व्याह्यांना मी एकदा चेंडू म्हणून अंडं दिलं होतं.

आमचे व्याही पुण्याचे, गोल्फ खेळणारे. जातील त्या गावी काठी सोबत. समुद्र कसा होता विचारा, ते गवत कसं होतं ते सांगणार. पण वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून काठीला चेंडू लागेना. माकुणसारला आमच्याकडे आले, तेव्हाही कापणी झालेल्या खाचरात सकाळपासून काठी फिरवत होते. चेंडू जागचा हलत नव्हता.

मी म्हटलं, "व्याही, चेंडू तुमाला घाबरत नाय."

बायकोनं डोळे वटारले. "अवो, आपली लेक त्यांच्या घरात हाय. गप बसा."

गप बसेन तो मी कसला? ते पाणी प्यायला वळले, तसा मी चेंडू खिशात टाकला आणि तिथं पांढरं अंडं ठेवलं. वाटलं, काठी हुकेलच, मग अंडं उचलून दाखवू.

काठी फिरली. फट्! बलक थेट त्यांच्या चष्म्यावर.

मी हसायला तोंड उघडलं, तर व्याही खालीच बसले. बोटानं बलक पुसला. म्हणाले,

"लागलं हो! वर्षानं काहीतरी लागलं. अजून एक आहे का?"

बायको आत गेली आणि कोंबडीखाली बसवायला जपलेली अंडी पदरात घेऊन आली.

पाचवं फुटल्यावर व्याही ताठ उभे राहिले. म्हणाले, "आता चेंडू ठेवा."

या खेपेला मी खरंच चेंडू ठेवला.